मुंढ्याची रेघ

आर्वीच्या एस.टी. डेपोसमोर वासुदेवरावांचं शिलाईचं दुकान आहे, आणि डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या अंगावरची खाकी त्यांच्याच हातची. कापडावर कागदाचा खाका ठेवून कापणाऱ्याला ते शिंपी म्हणतच नसत. कापड पसरायचं, खडू घ्यायचा, खांद्यापासून काखेपर्यंत मुंढ्याची गोलाई एका दमात ओढायची, की झालं. या एका रेघेचा त्यांना भारी तोरा होता. माणूस म्हटला की कशाचा तरी असतोच.

मागच्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तोरा उतरला. पुढे हात बराच सुधारला. कात्री चाले, मशीन चाले, पट्टी धरून सरळ रेघही निघे. पण खडू हलका धरून गोलाई काढू म्हटलं की हात थरथरे. हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नाही. नवं गिऱ्हाईक आलं की ‘मशीन बिघडली’ म्हणून वाटेला लावायचे आणि जुन्या पँटींना चेन बसवत बसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग गोमाजी आले. तळेगावकडचे, जंगलात मजुरी करणारे, वासुदेवरावांच्या जुन्या ओळखीचे. बरोबर मुलगी गुंजन. तिला कंडक्टरची नोकरी लागली होती, सोमवारी पहिली ड्यूटी होती, आणि हातात एका शर्टापुरतंच खाकी कापड होतं.

"आमच्या घरातली पयली खाकी हाय, भाऊ. तुमच्याच हातची पायजे," गोमाजी म्हणाले.

मशीन बिघडल्याचं वाक्य वासुदेवरावांनी या वेळी काढलंच नाही. माप घेतलं खरं, पण दुपारभर त्या कापडाची घडी काही उघडली नाही.

हे सगळं त्यांची सून सुरभी पाहत होती. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात तिचं झेरॉक्सचं काम चाले, तिथे जुना, दणकट लेझर प्रिंटर होता. वाकड्यातिकड्या रेघा ओढलेल्या चिंध्या तिला झाडताना केव्हाच सापडल्या होत्या, पण सासऱ्यांचा मान राखून ती गप्प होती. आता मात्र बोलली. "मामाजी, तुम्ही नुसतं सांगजा. रेघ हे मशीन काढते."

कॉम्प्युटरवर चित्र काढून छापलं, तर कागदात बसवायच्या नादात तो माप चोरायचा. म्हणून तिने प्रिंटरलाच थेट हुकूम द्यायचं ठरवलं. असल्या जुन्या प्रिंटरला खरा पेन नसला तरी पेनाची भाषा कळते: पेन उचल, इथे जा, पेन टेक, तिथवर वळत ये. त्याची पावलं फार बारीक असतात. तिने हिशोब मांडला, तर शिंप्याच्या टेपवरचं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बरोबर त्याच्या एकशे सत्तावीस पावलांएवढं भरलं. ना कमी ना जास्त. हे ऐकून वासुदेवराव सरसावून बसले. मशीन सूत मानतं म्हणजे अगदीच परकं नव्हतं.

त्यांनी आकडे सांगितले, तिने हुकूम लिहिले. पहिला कागद बाहेर आला, तर त्यावर गोलाई नव्हतीच. हुकूमच अक्षरं होऊन छापून आले होते. ‘आता लिहायचं नाही, काढायचं आहे’ ही सूचना सुरभी आधी द्यायला विसरली होती. हा तर कचेरीतला बाबू निघाला, अर्जावर काम करायचं सोडून अर्जाचीच नक्कल देतो, असं म्हणून वासुदेवराव कितीतरी दिवसांनी हसले. दुसऱ्या कागदावर मुंढा उतरला. सलग, काळाभोर, कुठे थरथर नाही. आपलीच रेघ होती ती. त्यांचे डोळे भरून आले, आणि दोष त्यांनी चष्म्याला दिला.

खाकी पसरली, कागद टाचला, कात्री उचलली. कात्री रेघेवर टेकवायची, तर हात रेघेच्या बाहेर जाऊन थांबला. पुन्हा रेघेवर आणला, पुन्हा बाहेर. आता थरथर नव्हती. हात हट्टानेच बाहेर जात होता.

"काऊन थांबले, मामाजी?"

वासुदेवरावांनी रेघेबाहेर सुटणारं कापड बोटाने मापलं, आणि चूक ध्यानात आली. शिवणीत दुमडायला कडेने जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. ती या रेघेत नव्हतीच. रेघेवर कापलं असतं तर शर्ट काखेत आवळला असता, आणि दुसरं कापड नव्हतं.

"माया सांगाचीच राह्यली माह्याकून," ते म्हणाले. "कधी सांगाचं कामच पडलं नाई. हात आपल्या मनानं सोडे."

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हाताला सगळं आठवत होतं. तो गेला नव्हता. वर्षभराचं ओझं उतरावं तसं त्यांना हायसं वाटलं. सुरभीने चार सुतांची माया धरून नवा कागद काढला, आणि या वेळी कात्री रेघेवरून मुकाट चालली.

रविवारी गुंजन शर्ट घालून उभी राहिली. वासुदेवरावांनी तिला आरशाकडे वळूच दिलं नाही. घंटीची दोरी ओढ, म्हणाले. तिने हात वर केला आणि हवेतच डबल घंटी दिली. शर्ट कमरेतून उचलला नाही, काखेत ताणला नाही. गोमाजी मुंढ्याच्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

बापलेक गेल्यावर वासुदेवरावांनी सुनेला फोन लावायला सांगितला. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांत मुकेश नावाचा एक ड्रायव्हर होता, त्याला बोलवायचं होतं. काय सांगू, तिने विचारलं.

"मशीन सुदरली म्हणून सांग," ते म्हणाले, आणि टेप गळ्यात घालून दारात जाऊन उभे राहिले.