गल्लीतला ताणा

आमच्या घरात पळण्याचं एकच कारण मान्य होतं: चुलीवरचं दूध उतू जाणं. त्यामुळे वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दोन वेळचा स्वयंपाक आणि नोकरी सांभाळून, मला बेचाळीस किलोमीटर पळायचंय असं मी जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"काहून वं? कोन मांगं लागलं हाय तुह्या?"

सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, ते हातमागावर बसले होते. त्यांचे पाय खाली चालूच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पांजनीचं काय?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. विणायला बसण्याआधी उभं सूत, म्हणजे ताणा, गल्लीत लांबच लांब ताणून बांबूच्या कैच्यांवर, म्हणजे फुलीसारख्या बांधलेल्या टेकूंवर, धरायचा, त्याला तांदळाची खळ लावायची आणि वाळेपर्यंत कुंच्यानं विंचरत राहायचं, ही पांजणी. हे सगळं ऊन चढायच्या आत, कारण खळ घाईनं वाळली की सूत कडक होऊन तुटतं. आमच्या आंधळगावात आता हे थोडेच लोक करतात. तयार सूत मिळतं, पण मामाजींना ते पटत नाही. या कामाला निदान चार हात लागतात आणि सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यातले दोन माझे. मामाजींनी पांजणी कधी पुढं ढकललेली कोणी पाहिली नव्हती. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ताणा उचलेपर्यंत नवरदेवाची गाडी गल्लीत अडकून पडली होती.

माझ्या नाकावर राग बसलेलाच असतो. त्यांच्या त्या शांत प्रश्नानं तो जास्तच चढला. "मामाजी, सहा-साडेसहाच्या आत मी घरी. माह्या पळन्यानं एक जरी ताना बिघडला तर पळन्याचे बूट मी सोता विहिरीत टाकीन," मी म्हणाले. बूट तोवर विकतही घेतले नव्हते.

"हं," मामाजी म्हणाले. घरात त्यांच्या 'हं'ला सहीशिक्क्याची किंमत आहे.

मी मोहाडीला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. नऊ वाजता उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात आणि त्यांना माझ्या सरावाशी काही देणंघेणं नसतं. नवऱ्याची कारखान्यात शिफ्ट, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. मुलगी पाचवीत. मोबाइलवर जे वेळापत्रक मी उतरवून घेतलं होतं, ते घरदार नसलेल्या कुणीतरी लिहिलेलं असावं. त्यात एका वारापुढं 'पूर्ण आराम' असं लिहिलं होतं. नेमके त्याच वारी आमच्याकडे पाहुणे येत. चढाचा सराव करा म्हणे. आमच्याकडे चढ म्हणजे तलावाची पाळ. मी ती वीस वेळा चढायचे, उतरायचे, आणि पाळीवर शेण वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघत बसायच्या.

गावाला पळणारी बाई नवीन होती. पहिल्याच आठवड्यात दूधवाल्यानं गाडी आडवी घातली. "काय झालं बाई? घरी कोनाले काही झालं काय? बसा मांगं, सोडून देतो." काही झालं नाही, नुसतीच पळून राहिली, असं मी सांगितलं तर तो जास्तच घाबरला. संध्याकाळपर्यंत सासूबाईंना दोघीतिघींनी विचारलं, की सुनेचं घरात काही बिनसलं का. महिनाभरात मात्र तोच दूधवाला मला पाहून हॉर्न वाजवायला लागला.

असे चार महिने गेले. पहाटे पळणं, आल्यावर पांजणी असेल तर कुंचा हातात, मग डबे, मग स्कूटी, मग दवाखाना. मी कुणाकडेच तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची सोय मीच त्या एका वाक्यानं बंद करून ठेवली होती. धानाच्या कापणीच्या दिवसांत एका शनिवारी रात्री जेवता जेवता, हात भातात असतानाच मला झोप लागली. मुलगी खदाखदा हसली. मामाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून आपलं ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पंधरा किलोमीटरचंच पळणं होतं आणि त्यानंतर पांजणी. धुकं एवढं होतं की रस्त्याकडेच्या शेतात कापून वाळत घातलेल्या धानाच्या कडपासुद्धा दिसत नव्हत्या. परत येताना पाय छान चालत होते. शेवटचे दोनशे मीटर जीव लावून पळा, असं वेळापत्रकात होतं. म्हणून मी जीव लावला आणि तशीच गल्लीत वळले.

आधी छातीला काहीतरी गार, ओलं लागलं. मग कानाजवळ तडतड आवाज आला आणि मी बांबूच्या कैचीसकट आडवी झाले. केसांत खळ, तोंडात खळ. धुक्यातून सासूबाईंची किंकाळी आली, "अवं माय वं!" मामाजी कुंचा घेऊन धावत आले. त्यांनी आधी सूत पाहिलं, मग मला.

त्या वेळी आमचा ताणा गल्लीत कधीच नसायचा. पण हे मला सुचलंच नाही. मला एकच दिसत होतं, की पांढरं सूत तुटून मातीत लोंबतंय आणि ते मी तोडलंय. मी उठले, अंगणात गेले, बूट काढले आणि एकामागून एक विहिरीत टाकले. मग हातपाय धुऊन परत आले आणि तुटलेली टोकं सांधायला बसले.

सांधणं म्हणजे दोन टोकं शोधायची, राखेचं बोट लावून पीळ द्यायचा, की पुढची दोन. नवरा रात्रपाळी करून आला, त्यानं आमचे चेहरे पाहिले आणि मुकाट्यानं चहा ठेवायला गेला. नागपूरची शर्यत तीन आठवड्यांवर होती. ती मला किती हवी होती, हे मला त्या दिवशी सूत पिळताना कळलं. घरच्या कामाचं एवढं नुकसान करूनही जीव त्या शर्यतीसाठीच तुटतोय, याची लाज वाटत होती आणि तरी तो तुटतच होता.

दुपारी सासूबाईंनाच राहवलं नाही. "आता तुमी सांगता का मी सांगू?" त्या मामाजींवर ओरडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काल तू ताटावर झोपली ना, तं यायनं रातीच ठरोलं. म्हने, उद्या ताना पाहाटेच लावू, सूनबाई येयेपर्यंत उरकून टाकू, तिले जराशी झोप भेटन. मी म्हनत होती, तिले सांगून ठेवा. तं म्हने, सांगतलं तं ती आयकत नाही, पळाले न जाता घरीच थांबून जाते."

मी मामाजींकडे पाहिलं. ते सूत पिळत राहिले. "चूक माही हाय," ते म्हणाले. "अंधारात ताना लावला, अन गल्लीच्या तोंडाशी कोनाले उभं नाही केलं." मग विचारलं, "बूट कुठं हायत?"

"विहिरीत."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "खरंच टाकले?"

"टाकले. मी म्हनली होती ना."

"एक अंधारात सूत लावते, एक विहिरीत बूट टाकते," सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "दोघंही एकाच माळेचे मनी!"

मला हसू आलं आणि मग ते आवरेना. हसता हसता रडायला लागले. चार महिने जे ओझं मी पाठीवर घेऊन पळत होते, ते कोणी दिलेलंच नव्हतं. माझं मीच उचललं होतं. एवढं हलकं मला पंधरा किलोमीटर पळून कधी वाटलं नव्हतं.

मामाजींनी पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणला. एक बूट लगेच लागला. दुसऱ्यासाठी संध्याकाळ झाली, आणि त्याच्याआधी सासूबाईंचा गेल्या वर्षी पडलेला पितळी लोटा वर आला, म्हणून त्याही खूश झाल्या. बुटांत धानाची कोरडी तणस कोंबून मामाजींनी ते माळ्यावर ठेवले. तिसऱ्या दिवशी वाळले. पाण्याचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

नागपूरला मी पाच तासांहून थोडा जास्त वेळ घेतला. शेवटी शेवटी माझ्यापुढं एक आजोबा होते, तेही मला गाठता आले नाहीत. नवरा आणि मुलगी कडेला उभे होते. मुलीनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेला. पाणी प्यायच्या आधी मी घरी फोन लावला.

"मामाजी, झालं."

"पाय साबूत हायत?"

"हायत."

"मंग आरामानं ये. घाई करू नको."

रविवार होता, ताणा लावायचा वार. आता तर ऊनही चांगलं चढलेलं, म्हणजे काम उरकलं असणार. "पांजनी झाली काय?" मी विचारलं.

"नाही लावला ताना."

"काहून?"

"तू नव्हती ना," मामाजी म्हणाले.