छप्पन सालापासून विरोधात

अख्ख्या देशाची निवडणूक एकट्याने सत्तर वर्षं मागे ओढून नेण्याची ताकद माझ्या घरमालकांच्या अंगात होती. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. खाली ते राहायचे, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले काका, आणि काकू. काकांच्या मते भारताच्या इतिहासात घटना एकच घडली : छप्पन साली नागपूरचं राजधानीपण गेलं आणि रायपूर भोपाळच्या हवाली झालं. तेव्हा ते चार वर्षांचे होते. "पण मी तेव्हाही विरोधातच होतो," असं ते सांगत. गंमत म्हणजे नागपुरात ते कधीच राहिले नव्हते. जन्म रायपूरचा, नोकरी रायपूरची. लग्नाची वरात तेवढी नागपूरला गेली होती, तीही मिळेल त्या गाडीने परत आली.

पुढे रायपूर स्वतःच नव्या राज्याची राजधानी झालं. काकांनी त्याची नोंद 'नुकसानभरपाईचा पहिला हप्ता' अशी घेतली आणि लढा चालू ठेवला. वीज गेली की ते भोपाळच्या दिशेला तोंड करून कोपरापासून हात जोडायचे. पंडरीच्या कापडबाजारात पडदे घ्यायला गेले की दुकानदाराला आधी विचारायचे, दुकान छप्पनच्या आधीचं की नंतरचं? नंतरचं निघालं तर भाव निम्म्यावर आणून मागायचे. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, "दादाजी, आपको पर्दा चाहिए कि बदला?" काका म्हणाले, "दोनों. पर्दा हरे रंग का."

टीव्हीवरची निवडणुकीची चर्चा हा त्यांचा रोजचा नेम. तिथे प्रवक्ते एकमेकांच्या आजोबांची उणीदुणी काढू लागले की काका आवाज वाढवायचे. चुकून कोणी वाढता उन्हाळा, आटणारं पाणी, पोरांच्या नोकऱ्या असलं काही बोललं, की "जाहिरात लागली" म्हणून आवाज बंद करायचे. मी चळवळीतल्या, पत्रकं छापून वाटणाऱ्या घरात वाढलेली. आमच्या घरी वाणसामानाच्या यादीलासुद्धा 'आमच्या मागण्या' असं शीर्षक असायचं. त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

"काका, मेलेल्या माणसांकडून कसला जाब मागता?"

"त्यायच्याकडूनच मागावा वं पोरी. जिवंत माणूस खोटं बोलते."

मग एका एप्रिलात घराची बोअर आटली. पंप सुरू केला की नळातून आधी खोकल्यासारखा आवाज यायचा, मग गढूळ पाणी, मग नुसती हवा. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि तिथून बादल्या आणायला काकू लागायच्या. मी असले तर मी उचलायचे, पण मी असायचे कधी? काकूंचे गुडघे आधीच गेलेले. एका सकाळी त्यांनी रिकामी बादली काकांच्या पुढ्यात आपटली. "निवडणुकीपर्यंत पाण्याचं काही झालं नाही तर मी चालली नागपूरले, पोरीकडे. तुम्ही बसा छप्पन सालापाशी!"

नागपूरसाठी लढणं वेगळं आणि नागपूरला जाऊन राहणं वेगळं, हे तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं.

कॉलोनीत दोन उमेदवार एकाच मंडपात येणार होते. वेळ थोडा, म्हणून लोकांतर्फे एकच प्रश्न, आणि वयाने मोठे म्हणून तो काका विचारणार असं ठरलं. मी पाण्यावर एक खणखणीत पत्रक लिहून त्यांना वाचायला दिलं. परत आलं तेव्हा त्याला चार पानी प्रस्तावना चिकटली होती आणि शेवटी एक ओळ होती : 'जमल्यास पाणीही द्यावे.' मी पत्रक फाडलं आणि तालीम सुरू केली. काका आरशासमोर उभे राहून म्हणायचे, "बोअर आटली, नळ कधी देता?" आणि काकू पलंगावर बसून दाद द्यायच्या. काकांना प्रश्न अगदी तोंडपाठ झाला.

मंडपात काका उठले. "भैया, हमारी गली में पानी..." एवढं म्हणाले आणि त्यांचं लक्ष उमेदवाराकडे गेलं. पस्तिशीचा तरुण, 'पानी' ऐकताच पार कोमेजला. काकांना कोणाचं दुःख बघवत नाही. "पानी की बात बाद में। पहले ये बताओ, छप्पन में आपके दादाजी किसकी तरफ थे?"

तो पोरगा असा फुलला! त्याने आजोबांचा त्याग सांगितला, तुरुंग सांगितला, आजोबांची काठी सांगितली. दुसऱ्याने माइक ओढून घेऊन त्याहून मोठे आजोबा काढले. मंडप टाळ्यांनी दणाणला. का नाही दणाणणार? आजोबांवर भांडायला एक फूटसुद्धा पाइप टाकावा लागत नाही! या गदारोळात टँकर आला, भोंगा वाजवून वाजवून थकला आणि निघून गेला. काकू बादली घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा तिथे फक्त ओला रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बॅग भरली. "पोचवून येतो," म्हणून काका सोबत गेले, ते तिथेच राहिले. बोअरला पाणी आलं नाही. पुढचा उन्हाळाही तसाच गेला.

परवा काकूंचा फोन आला. हसू आवरत नव्हतं त्यांना. नागपुरात महापालिकेची निवडणूक लागलेली. लेकीच्या इमारतीत उमेदवार आला तेव्हा काका उभे राहिले आणि गरजले, "आमच्या रायपूरची बोअर आटली. नळ कधी देता?"

तो बिचारा म्हणाला, "काका, रायपूर आमच्यात येत नाही."

"आलं असतं! छप्पन साली तुम्ही राजधानी सोडली नसती तर आलं असतं!"

मीही पोट धरून हसले. मग काकूंनी फोन त्यांच्याकडे दिला.

"इथे पाणी भरपूर आहे वं," काका म्हणाले. "नळ सोडला की येते." मी विचारलं, करमतं का? तर म्हणाले, "इथला नळ खोकत नाही वं."

"काका, या वेळी प्रश्न मात्र बरोबर विचारलात."

"हव," ते म्हणाले. छत्तीसगढी 'हो'. नागपुरात त्यांना असं उत्तर देणारं कोणी नसणार, म्हणून मीही 'हव' म्हटलं. मग फोन ना त्यांच्याच्याने ठेववला, ना माझ्याच्याने.