वायरीला तेल

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, अंगावरून वारं गेलं ते उजव्या बाजूने. पाय सुधारला, बोलणंही परत आलं. हात मागे राहिला. पालघरच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबत राहायला सांगितलं होतं. जन्मभर पानवेलीची पानं खुडली त्या अंगठ्याने चेंडू काय दाबायचा, असं म्हणून दादाने तो खाटेखाली ढकलला. मग कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने त्याला मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दिला.

तिचा कॉम्प्युटर माळ्यावर, दादा मागच्या खोलीत. गेम चालायचा वर आणि चित्र वायरीतून खाली दादाच्या टीव्हीवर यायचं. दादाने रिमोटचं बटण दाबलं की तो हुकूम त्याच वायरीतून वर जायचा. हे डोळ्याला कळू नये इतकं झटपट व्हावं लागतं. सुरुवातीला होतही होतं. पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या घरात संध्याकाळी दादाचा आवाज पुन्हा घुमू लागला. पुढच्या गाडीवाल्याला तो जे बोलायचा ते इथे लिहीत नाही.

थंडी सुरू झाली तशी गाडी उशिरा वळू लागली. दादा बटण दाबायचा, गाडी कठड्यावर आदळायची आणि मग वळायची. त्याने डाव्या हाताने करून पाहिलं, तेही जमेना. एकदा रिमोट मांडीवर ठेवून म्हणाला, "हात नाय ऐकत." मुलगी म्हणाली की काका, हाताचं काही नाही, नेटवर्क अडकतंय. त्याला वाटलं, पोरगी मन राखतेय.

ती मात्र खरंच मागे लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नेम. टीव्हीवरची चित्र सजवणारी सेटिंगं बंद केली. चित्राचा दर्जा उतरवला. घरातल्या सगळ्यांचे मोबाइल वायफायवरून काढले, त्यावरून माझी बायको धुसफुसत राहिली. वायर नवीन, म्हणून तिच्यावर संशय अगदी शेवटी आला. मुलगी टीव्हीपाशी थांबली आणि मला म्हणाली, पप्पा, वर जाऊन कॉम्प्युटरमागची वायर काढून परत लावा.

पिन काढली तर बोटाला चिकट लागलं. बघितल्याबरोबर कळलं.

पावसाआधी आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंड-पितळेला खोबरेल लावतात. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, कुलपं. खारं वारं काही सोडत नाही. त्या वर्षी हात फिरवता फिरवता मी या पिनेच्या पिवळ्या पट्ट्यांवरूनही बोट फिरवलं होतं. आता थंडीत ते तेल थिजलं होतं, वर माळ्यावरची धूळ. मी पिन स्पिरिटने पुसली, लावली, खाली आलो आणि "लावली" एवढंच म्हणालो. गाडी बोटाबरोबर वळू लागली. कधी कधी नुसतं काढून लावलं तरी चालतं, असं मुलगी म्हणाली. मी मान हलवली.

दादा मात्र रिमोट घेईना. तू खेळ, मी बघतो, म्हणायचा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. वायरीला तेल लावलं म्हणून घरात हसं होईल, हे एक कारण. दुसरं कबूल करायला वेळ लागला. मी बोईसरच्या कारखान्यात कारकून, कागद रंगवतो. वाडीच्या कामात माझे हात कधी चालले नाहीत, आणि दादाने ते मला लहानपणापासून ऐकवलं. त्याचा हात मंद झालेला बघून मला वाईट वाटत होतं. बरंही वाटत होतं. गप्प बसायला तेवढं पुरलं.

मग एका रविवारी त्याने खुंटीवरची कोयती डाव्या हाताने काढून माझ्यापुढे ठेवली.

"बारक्या, वाडीचं आता तूच बघ. माझा हात गेला."

"हात नाही गेला, दादा. वायरीला मी तेल लावलं होतं."

त्याला काही उलगडेना. मग पिनेपासून सगळं सांगितलं, माहीत असून इतके दिवस गप्प राहिलो तेही. बरं वाटलं होतं ते सांगितलं नाही. ते इथेच लिहितोय.

तो कोयतीकडे बघत म्हणाला, "टीव्हीला लावलंस का? राहिला असंल तर लाव त्याला पण." मी हसलो नाही, तोही नाही. "एवढे दिवस मला लुळा समजू दिलंस तू," तो म्हणाला. "ठेव ती कोयती जिथली तिथं."

संध्याकाळी त्याने मुलीला हाक मारली आणि रिमोट मागितला. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्याला गाडी सरळ कठड्यावर. मुलगी वायर बघायला माळ्याकडे निघाली.

"बस खाली," दादा म्हणाला. "ही वायर नाय. हा मीच."

आणि त्याने शर्यत पहिल्यापासून लावली.