जिन्यावरचा दिवा

शुक्रवार पेठेत शिवलीलाचा कडक भाकरीचा धंदा आहे. भाकरी आठ बायका हातानं थापतात, पीठ मात्र यंत्रात मळतात. गेल्या वर्षी तिनं तळमजल्याला नवा ब्रेकर बसवून घेतला, करंट कुठं गळला तर लगेच पडणारा. तेव्हापासून यंत्र चालू असलं की तो कधीकधी खटकन पडायचा. रोज नाही. दोन दिवस सगळं सुरळीत, आणि मंगळवारी चारदा अंधार.

वायरमन चनमल्लप्पा तिसऱ्यांदा आला तेव्हाच वैतागलेला होता. साठीला टेकलेला माणूस, निम्मं आयुष्य पेठेतल्या भिंती फोडण्यात गेलेलं. गिऱ्हाइकांच्या एका उत्तराची त्याला भयंकर चीड होती.

"काय नवीन लावलंत, अक्का?"

"काहीच नाही की, अप्पा."

"काहीच नाही म्हणं! मग ब्रेकरला काय वेड लागलंय?"

"मला काय विचारता? दोनदा मोटार दुरुस्त करून आणली तुमच्या सांगण्यावरून. लग्नाच्या ऑर्डरीचं सगळं पीठ हातानं मळलं आमी."

त्यानं ब्रेकर बदलून पाहिला. एकेक वायर सुटी करून तपासली. यंत्र तासभर मुकाट चाललं. "ज्या गाढवानं हे वायरिंग केलंय ना," तो म्हणाला, "त्याला समोर उभं करायला पायजे."

एवढ्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू अपेक्षा ड्युटीवरून आली. जिना दिवसाही काळोखा. तिनं खालचं बटण दाबलं आणि ब्रेकर पडला.

"पोरी, थांब!" चनमल्लप्पा ओरडला. "बंद कर." त्यानं ब्रेकर वर केला, यंत्र चालू केलं. "आता परत लाव."

ब्रेकर परत पडला. यंत्र बंद ठेवून दिवा लावला, तर पडला नाही.

आता त्याला उमगलं. जेवढा करंट जातो तेवढाच परत आला पाहिजे, ब्रेकर एवढंच बघतो. जिन्यातला चिमुकला दिवा करंट घ्यायचा खालच्या मजल्याचा आणि परत पाठवायचा वरच्या मजल्याच्या वायरीतून. तेवढ्यानं ब्रेकर पडत नव्हता. पण कुठल्याही मोटारीची असते तशी यंत्राची थोडी गळती त्यात मिसळली की पडायचा.

तो जिना चढून वर गेला. शिवलीला बॅटरी धरून मागं उभी. त्यानं बटणाच्या पेटीचं झाकण काढलं. वरच्या मजल्याची वायर आत वळवून घेतली होती, खालून नवी ओढायचे कष्ट वाचवायला. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख होती, सतरा वर्षांपूर्वीची, आणि खाली सही. काम संपलं की झाकणाआड सही करायची त्याची सवयच होती.

अंगठ्यानं पुसली असती तर पुसली गेली असती. त्यानं झाकण तिच्याकडं दिलं.

"गाढव सापडलं, अक्का. मीच की."

शिवलीला हसली नाही. "आणि मोटारीला नावं ठेवत होता!" एवढंच म्हणाली आणि खाली जाऊन यंत्राजवळ बसली. चहाही विचारला नाही. त्यानं त्याच दिवशी खालून नवी वायर ओढली. त्यानंतर ब्रेकर पडलेला नाही.

पण त्याच्या डोक्यातनं ते जाईना. सतरा वर्षांपूर्वी घाईघाईत असे आणखी तीन जिने केल्याचं त्याला आठवलं. जुन्या ब्रेकरांना ते कळत नव्हतं. पण दिवा बदलायला म्हणून कुणी खालच्या मजल्याचा करंट बंद करून वायरीला हात लावला, तर वरच्या मजल्याचा झटका बसायचा. तो न बोलावता त्या घरांत गेला. दोघांनी, कुरकुर करत का होईना, काम करू दिलं. तिसरे प्रभुअण्णा दार अडवून उभे राहिले.

"आमचं काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलं, म्हणून तर आलोय!"

"मग चालतंय ते चालू द्या की. उगं भिंत फोडू नका."

चनमल्लप्पानं कपाळावर हात मारला. चारदा जाऊन आलाय. परवाही पिशवी घेऊन गेला होता. अण्णांनी खिडकीतूनच नको म्हणून हात हलवला.