जांभळ्या पाकिटातल्या तीन मराठी चिठ्ठ्या

असल्या चमत्कारिक गोष्टींची टिंगल करणाऱ्यांपैकी मी एक. क्लिनिकमध्ये कुणी "आमच्या बिल्डिंगमध्ये ना..." असं सुरू केलं की मी चहा आणायला उठायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण सहा महिने उलटलेत, सगळे ठणठणीत आहेत, आणि ज्यांची मुलं यंदा कॉलेजला जाणार त्यांनी हे वाचावं असं वाटतं, म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत.

आम्ही दुबईत अल बर्शाला राहतो. नवरा मिलिंद एसी आणि कोल्ड रूम बसवण्याचं कॉन्ट्रॅक्टिंग करतो, मी एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला असते. मुलगी अन्विता तेव्हा नुकतीच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. वाचता तर जवळजवळ येतच नाही. दुकानाची पाटी वाचायची म्हटलं तरी एकेक अक्षर जुळवत बसते.

तिच्या शाळेतल्या मैत्रिणी कुणी कॅनडाला गेल्या, कुणी पुण्याला. पहिले तीन आठवडे ती कॅन्टीनमध्ये एकटीच जेवत होती, हे मला नंतर कळलं. त्यामुळे काही सीनियर मुलींनी "आमच्यात ये" म्हटल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं. अमेरिकेतल्या कॉलेजांत सोरोरिटी असते ना, तसा त्यांनी आपला आपण एक ग्रुप काढला होता. तीन ग्रीक अक्षरांचं नाव, जांभळा रंग, एकमेकींना सिस्टर म्हणायचं. कॉलेजकडे त्याची नोंद नव्हती... पण हे विचारायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. मला तर बरंच वाटलं. पोरगी पुन्हा हसायला लागली होती.

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक नव्या मुलीला एक 'बिग सिस्टर' मिळायची, पण तिचं नाव गुपित. ती तुमच्या लॉकरमध्ये तीन वेळा जांभळं पाकीट ठेवणार, आत एक चिठ्ठी. मग एका रविवारी शेवटची परीक्षा, म्हणजे इनिशिएशन, आणि त्यानंतर बिग सिस्टरचं नाव जाहीर.

पहिलं पाकीट घेऊन अन्विता थेट स्वयंपाकघरात आली, कारण आतली चिठ्ठी मराठीत होती. रेघांच्या वहीचा कागद, निळी शाई, शाळेतल्या बाईंसारखं सुवाच्य, गोलसर अक्षर. त्या ग्रुपमध्ये दुसरी मराठी मुलगी नव्हती. अन्विता म्हणाली, कुणीतरी ट्रान्सलेट करून उतरवलं असणार, हाऊ स्वीट. मी मोठ्याने वाचलं — "बाळ, जिथे फोन काढून घेतात तिथे जाताना घरी पत्ता देऊन जावं."

मी म्हटलं, ही भाषा ॲपची नाही. 'देऊन जावं' असं ॲप लिहीत नाही. आणि फोन काढून घेतात म्हणजे काय? तेव्हा तिने सांगितलं की इनिशिएशनच्या दिवशी दोन तास फोन जमा करतात, सगळीकडे तसंच असतं. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की ती जाईल, पण जागेचं लोकेशन आधी मला पाठवेल. ग्रुपमध्ये ते सांगायची बंदी होती, तरी तिने ते कबूल केलं — चिठ्ठीतच लिहिलं होतं ना, म्हणून.

दुसरी चिठ्ठी पुढच्या आठवड्यात आली. "नको म्हणायचं असेल तर ते पहिल्यांदाच म्हणावं. नको म्हटल्यावर ज्या रुसतात त्यांच्याशी मैत्री नसली तरी चालते." मला हसू आलं. म्हटलं, तुझी बिग सिस्टर माझ्या बाजूची दिसते. अन्विताने ते पाकीट पर्समध्ये जपून ठेवलं.

तिसरं पाकीट तिला गुरुवारी मिळालं. ते रविवारी सकाळीच उघडायचं असा नियम होता. त्या रविवारी माझी सकाळची ड्यूटी होती, म्हणजे फोन ड्रॉवरमध्ये बंद, आणि मिलिंद दुबईबाहेर रास अल खैमाला साइटवर होता. मी दुपारी दोनला घरी आले तेव्हा ती निघून गेली होती. डायनिंग टेबलवर ते पाकीट उघडून ठेवलेलं आणि वर पिवळा कागद — आई, हे वाच आणि मला व्हॉइस नोट पाठव.

चपला न काढताच मी वाचलं. "रविवारी थंड खोलीत जाऊ नकोस, बाळ. दाराचा दांडा मोडलेला आहे. आतून उघडायचं नाही, बाहेरूनही नाही."

थंड खोली म्हणजे काय हे क्षणभर कळलंच नाही. मग सकाळी तिने पाठवलेलं लोकेशन उघडलं. रास अल खोर. वेअरहाऊस. कोल्ड स्टोरेज.

तिला फोन लावला तर बंद. मिलिंदला लावला. मला वाटलं तो हसेल. त्याने माझ्याकडून दोनदा चिठ्ठी वाचून घेतली आणि म्हणाला, "तू निघ. पोचलीस की व्हिडिओ कॉल कर. आणि हळू चालव."

अल खैल रोडने मला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. रविवार असल्याने वेअरहाऊसच्या रांगेत शुकशुकाट होता. एक छोटं शटर अर्धं उघडं होतं, बाहेर दोन गाड्या. वाकून आत गेले. आत एक सीनियर मुलगी खाली बसून रडत होती आणि दुसरी पांढऱ्या जाड दाराची मूठ दोन्ही हातांनी फिरवत होती. मूठ नुसती मोकळी फिरत होती.

फिरवणारी मुलगी हिबा. जॉर्डनची, वडील फळांचे आयातदार, गाळा त्यांचाच. इनिशिएशन असं होतं की चार नव्या मुलींनी टी-शर्टवर वीस मिनिटं आत बसायचं. आत दोन अंश. दार बंद केलं आणि पुन्हा उघडलंच नाही... चाळीस मिनिटं झाली होती. तिने वडिलांना दहा-बारा फोन केले होते, ते कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणाला होते, उचलत नव्हते. दुसऱ्या कुणालाच फोन केला नव्हता. कारण कळलं तर कॉलेजमधून काढतील.

मी रडणाऱ्या मुलीच्या हातात तिचाच फोन दिला आणि सांगितलं, आत्ता अँब्युलन्स बोलव. मग दारावर थापा मारल्या. आतून थापा आल्या, पण बारीक. कापूस भरल्यासारख्या.

मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला. तो साइटवर उन्हात उभा होता. "मूठ सोडून दे," तो म्हणाला. "दाराकडे बघू नकोस, फ्रेमकडे बघ. मुठीच्या समोर फ्रेमवर दार अडकवणारा एक स्टीलचा कॅच आहे. त्याला चार स्क्रू दिसतात का?"

दिसत होते. पॅकिंगच्या टेबलावर हिबाला एक स्क्रू-ड्रायव्हर सापडला. पहिले दोन सहज निघाले. तिसरा गंजलेला होता, स्क्रू-ड्रायव्हर सारखा घसरत होता. मिलिंद एकच सांगत राहिला — आधी दाब, मग फिरव. आधी दाब, मग फिरव. त्याचा आवाज इतका शांत होता की जणू मी आमच्या बाथरूमचा नळ बदलतेय. शेवटी हिबाने माझ्या हातावर हात ठेवून दाबलं आणि मी फिरवला. चौथा निघाल्यावर कॅच खाली पडला आणि दार आपोआप किलकिलं झालं.

चौघी एकमेकींना मिठी मारून संत्र्यांच्या खोक्यांवर बसल्या होत्या. ओठ निळसर. एकीला दमा होता, तिला अन्विताने मध्ये धरलं होतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आई, वी आर ओके." आणि मग एकदम मराठीत, "थंडी वाजतेय गं."

अँब्युलन्स आली, हॉस्पिटलमध्ये तपासलं. दम्याच्या मुलीला एक दिवस ठेवून घेतलं, बाकीच्या संध्याकाळी घरी आल्या. मी साबुदाण्याची खिचडी केली. मिलिंद साइटवरून आला तो बूट घालूनच तिच्या शेजारी बसला.

कॉलेजला आम्हीच कळवलं. ग्रुप बंद झाला. दम्याची मुलगी आणि अन्विता आता रोज एकत्र जेवतात, तेवढं या सगळ्यातून चांगलं निघालं.

आता न समजणारा भाग.

आठवड्याने हिबा वडिलांना घेऊन माफी मागायला आमच्याकडे आली. अन्विताची बिग सिस्टर तीच होती. मी म्हटलं, कुणाकडून तरी चिठ्ठ्या लिहून घेतल्यास म्हणून पोरींचा जीव वाचला, पण दार मोडल्याचं माहीत होतं तर गेलात कशाला? तिला काही कळेना. मी तिन्ही पाकिटं समोर ठेवली. पाकिटं तिचीच होती, वरचे स्टिकरही. आतले कागद मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. तिने इंग्लिशमध्ये, क्रीम रंगाच्या कार्डावर लिहिलं होतं. इन्स्टाग्रामवर टाकायला काढलेले त्या कार्डांचे फोटो तिने मोबाइलवर दाखवले. तिसऱ्या कार्डावर लिहिलं होतं, जाड मोजे घालून ये. बस. ती कार्डं आम्हाला कधी मिळालीच नाहीत.

मी म्हटलं, गाळ्यावर कुणी मराठी कामगार? कुणीतरी मोडलेला दांडा बघितला असेल, मुलींचं बोलणं ऐकलं असेल... हिबाच्या वडिलांनी नकारार्थी मान हलवली. कामगार सगळे केरळचे आणि पाकिस्तानी. आणि मुठीचा दांडा मोडला शनिवारी संध्याकाळी, ट्रॉली आदळून. कामगारांनी दार लागू नये म्हणून दोरीने बांधून ठेवलं होतं, सोमवारी दुरुस्त करणार होते. मुलींना ती दोरी कचरा वाटली. त्यांनी ती सोडून दार ओढून घेतलं.

चिठ्ठी गुरुवारची. अन्विताने त्याच दिवशी बंद पाकिटाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो अजून आहे.

लॉकरच्या कॉरिडॉरमधला सफाई स्टाफ, सिक्युरिटी, लायब्ररी... मी सगळीकडे विचारून आले. अक्षर आमच्या नात्यात कुणाचं नाही. कुणी लिहिलं, पाकिटात कसं गेलं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा, पण मला आता त्याचा त्रास होत नाही. मुलांना मात्र एवढं नक्की विचारा — या ग्रुपची कॉलेजला माहिती आहे का, फोन कुणाकडे असणार, आणि मधेच उठून निघता येतं का.

हिबाच्या वडिलांनी मिलिंदला ते दार नीट करायला सांगितलं. मी मुद्दाम सोबत गेले. नवा दांडा बसवला, आतून ढकलायची मोठी हिरवी मूठ लावली, बाहेर वाजणारी घंटा लावली. मिलिंद आत गेला, दार लावून घेतलं, आणि आतून ढकलून बाहेर आला. तीन वेळा. मग मी म्हटलं, मला जाऊ दे. आत गेले, दार ओढलं. पंख्याचा घोंघाट, संत्र्यांचा वास, गारठा. दहापर्यंत मोजलं आणि तळहाताने मूठ दाबली. दार उघडलं आणि बाहेरची गरम हवा तोंडावर आली.