नळाखालचं मुंगूस

जाहिराती करणारे जगात पुष्कळ झाले, पण आपणच केलेल्या जाहिरातीवर आपणच विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच निपजला, आणि तोही नेमका आमच्या घराण्यात. आमच्या ह्यांचे हे मावसभाऊ. नात्याने माझे धाकटे दीर, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. अंगाने काडीपैलवान, खिशात कायम दोन पेनं आणि एक कंगवा. डोक्यावर मात्र कंगव्याला फारसं काम उरलेलं नाही. अमरावतीत त्यांचं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंगचं दुकान होतं. शूटिंगवाल्याने आणलेलं लग्न कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी घालायची आणि नवरा-नवरीभोवती फुलं नि कबुतरं उडवायची, असं ते काम. रडकं तोंड भाऊजींना बघवत नसे. नवरीचे डोळे भरून आले की ते तिच्या तोंडावरून एक कबुतर सोडायचे. एका लग्नात नवरीची आई, मावशी आणि तिन्ही आत्या अशा काही हमसून रडल्या की पाठवणीत नुसता थवाच दिसायला लागला. नवरदेवाचे वडील दुकानात येऊन टेबल बडवत म्हणाले, "अहो, हे माया पोराचं लगन हाये का कबुतरायचं?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "काका, वीस वर्सानं पाह्यसान, तवा कबुतरंच बरे वाटतीन."

त्यांचा एकच नियम होता आणि त्या नियमाने त्यांचं वाटोळं केलं. "वैनी, आपुन दाखोलं म्हणजे ते झालंच पायजे." चांदूर रेल्वेच्या एका जोडप्याच्या मागे त्यांनी काश्मीरचा बर्फ जोडला. सगळेच जोडतात. पण ह्या माणसाला रात्रंदिवस तोच बर्फ दिसायला लागला. ते दोघं कधी काश्मीरला जाणार नाहीत आणि आपण तर त्यांना बर्फात नाचवलं, म्हणून अन्न गोड लागेना. शेवटी ऐन थंडीत भाड्याची जीप करून त्या बापड्यांना पहाटे चिखलदऱ्याला नेलं तेव्हा जीव भांड्यात पडला. परत आल्यावर मला म्हणाले, "बरफ नाई सापडला, पन दात तं वाजले ना!" मी पोट धरून हसले होते. अशा माणसाचं पुढे काय होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग ती वर्षं आली. कोणती, ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, आणि ह्यांनी पहिलं पान वाचून मुकाट्याने घडी घातली की मीही विचारत नसे. खेड्यातली लग्नं देवळात पन्नास माणसांत उरकायला लागली. कापूस बुडाला की लग्नातलं सर्वांत आधी काय बुडत असेल तर व्हिडिओ. भाऊजी दुकानात माश्या मारत बसायचे. शहराच्या कडेला मात्र जिकडेतिकडे चुन्याच्या रेघा पडत होत्या. कालपर्यंत कपाशीची पऱ्हाटी उभी होती तिथे आज प्लॉट, उद्या कमान. गावातून निघालेली माणसं शहराच्या कडेला तरी टेकायला बघत होती. असाच एक लेआउटवाला, म्हणजे वावरात प्लॉट पाडून विकणारा, शेठ भाऊजींकडे आला. त्याला केबलवर दाखवायला कार्टून हवं होतं, आणि कार्टूनमध्ये हत्ती हवा होता.

"हत्ती काहून?" भाऊजी म्हणाले. "वावराच्या जागी प्लॉट म्हटला का बाईमानूस पह्यलं काय इचारते? साप निंघते का! तुमी मुंगूस घ्या. मुंगूस दिसलं का शुभ, अन् मुंगूस असलं का साप नाई." शेठ खूश. इकडे भाऊजी तीन दिवस आमच्या मागच्या कुंपणापाशी पालथे पडून मुंगसाची वाट पाहत राहिले. चौथ्या दिवशी ते दिसलं, आणि मग हे स्वतःच अंगणभर तसे चालायला लागले. दोन उड्या, थांबायचं, मान वर, नाक हलवायचं, की पुन्हा दोन उड्या. सासूबाईंनी त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आवाज माझा घेतला. माझा आवाज जन्माचा चिरका, घरात त्याची थट्टाच व्हायची, भाऊजी म्हणाले, "वैनी, हे सोनं हाये." मे महिन्यात, बाहेरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून कूलर-पंखा बंद करून, दोन गोधड्यांखाली बसून मी ओरडले, "साप नाही, ताप नाही! नळ उघडा, आंघोळ करा! या मंडळी, राहायला या!" बाहेर आले तर माझीच आंघोळ झालेली.

खरं सांगते, देखणं झालं होतं ते मुंगूस! बिळातून निघायचं, दोन पायांवर उभं राहून खांद्यावरचा दुपट्टा झटकायचं, नळाची तोटी फिरवायचं आणि धो धो पाण्याखाली शेपटी घासघासून न्हायचं. कार्टूनमध्ये नळ काढण्याआधी भाऊजींनी शेठला तीनदा विचारलं होतं, "नळ हाये ना पन?" शेठ तिन्ही वेळा म्हणाला, "येऊनच राहिला." भाऊजींना तेवढं पुरलं. शाळेतली पोरं माझ्या मागे "ताप नाही, ताप नाही" करत धावायची, आणि मी मेली फुशारून जायची. प्लॉट भराभर गेले. आम्हीही एक घेतला. राहायला नव्हे, भाव चढला की काढून टाकायला.

वर्षाने भाऊजी ते लेआउट बघायला गेले. दहा-बारा घरं उभी झाली होती. मधोमध सिमेंटच्या ओट्यात एक लोखंडी पाइप आणि त्याला पितळी तोटी. लोक सारखे मुंगसाचा नळ कुठे म्हणून विचारत, तर शेठने तो नुसता रोवून दिला होता. खाली जोडलेलं काही नव्हतं. भाऊजींनी तोटी फिरवली. जवळच एक म्हातारी पाण्याचा गुंड, म्हणजे आमच्याकडची कळशी, घेऊन उभी होती. तिवशाकडच्या खेड्यातून आलेली. तिकडची विहीर आटली म्हणून दोन एकर विकून नवरा-बायको इथे आले होते. ती ना रागावली, ना भांडली. भाऊजी मुंगूसवाले आहेत हे कळल्यावर तिने फक्त विचारलं, "बाप्पू, त्या मुंगसाले तरी कुठून येते रे पानी?"

तो प्रश्न घेऊनच भाऊजी तिथून निघाले. शेठकडे गेले, तर तो हसला. "मुंगूस कधी बोलत असते का भाऊ? लोकाईले समजते ना!" तिथून ते थेट आमच्याकडे आले. त्यांना कार्टून बदलायचं होतं. मुंगूस तोटी फिरवणार, पाणी येणार नाही, मुंगूस वाकून नळात बघणार आणि म्हणणार, "नळाला पाणी नाही, विचार करून या." तेवढं एक वाक्य माझ्या आवाजात हवं होतं. "तोच आवाज पायजे वैनी, नाई तं लोकाईले खरं वाटनार नाई." आमच्या प्लॉटला त्याच आठवड्यात गिऱ्हाईक लागलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, माझा घसा बसलाय." घसा खणखणीत होता आणि हे त्यांनाही ऐकू येत होतं. ते म्हणाले, "जपा मंग," आणि गेले.

भाऊजींनी बदललेलं कार्टून आवाजाविनाच केबलवाल्याला दिलं, आणि दोन दिवस ते मुकं मुंगूस लागलं. तोंड हलवायचं, आवाज नाही. घरोघर लोकांनी टीव्हीला थपडा मारल्या. तिसऱ्या दिवशी शेठच्या ध्यानात आलं आणि भाऊजींचं काम तुटलं. मुंगूस गाजल्यावर मिळालेली बाकीच्या लेआउटवाल्यांची कामंही तशीच तुटली. आमचा प्लॉट मात्र चांगल्या भावात गेला. कॉम्प्युटर विकून भाऊजींनी एक जुनी लुना घेतली, दोन्ही बाजूंना कॅन बांधले आणि गावातल्या हापशीवरून रोज सकाळी त्या लेआउटला पाणी न्यायला लागले. पहिला गुंड त्या म्हातारीचा. लोक हसले, मग हसायचे थांबले, मग वाट बघायला लागले. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, हे तुमचं काम आहे का?" ते कॅनचं झाकण आवळत म्हणाले, "माह्या मुंगसानं सांगतलं ना वैनी त्याईले, आंघोळ करा म्हणून." माझ्या आवाजाचा शब्दही काढला नाही त्यांनी. काढला असता तर बरं वाटलं असतं मला.

सहा वर्षं चाललं हे. मग एका उन्हाळ्यात लुनावरूनच पडले; अर्धांगाचा झटका. डावी बाजू गेली. त्यांची लग्न झालेली लेक त्यांना अकोल्याला आपल्या घरी घेऊन गेली. लेआउटवाल्यांनी टँकर लावला, आठवड्यातून एकदा येणारा. मी अधूनमधून अकोल्याला जायची. खिडकीशी पलंग टाकलेला असे. प्रत्येक वेळी त्यांचं एकच विचारणं, शब्द तुटत तुटत, "नळ... आला का?"

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आला. नगरपालिकेची पाइपलाइन टाकून झाली आणि त्याच ओट्यावरच्या तोटीला जोडली. मला निरोप मिळाला तशी मी रिक्षा करून गेले. बायका-पोरं गोळा झाली होती. कोणीतरी हळदकुंकू लावून तोटी फिरवली. आधी नुसता फुसफुस वारा, मग लालसर गढूळ पाणी, मग चांगलं. मी तिथूनच अकोल्याला फोन लावला. लेकीने त्यांच्या कानाशी धरला. मी माझा फोन नळाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

परत कानाला लावला तेव्हा ते रडत होते की हसत होते, मला कळलं नाही. मग म्हणाले, "बुढीनं... भरला का... गुंड?"

म्हातारी त्याआधीच्या दिवाळीतच वारली होती, म्हातारा तिच्याही आधी. तिच्या घराला कुलूप होतं, ओट्यावर चुन्याची पोती ठेवली होती कोणाची तरी. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी घसा खाकरला. इतक्या वर्षांत तो आवाज काढला नव्हता, पण निघाला, तसाच चिरका. आजूबाजूची पोरं दचकून बघायला लागली.

"भरला!" मी मुंगसाच्या आवाजात म्हटलं. "पहिला तिनंच भरला, भाऊजी."