ठिपक्याभोवतीचं वर्तुळ

शैलाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीजवळ एका बसमध्ये आमचं यंत्र बसवत होतो. हातातला स्क्रू आवळला आणि मगच खाली उतरलो... काम अर्धवट टाकलेलं तिला चालायचं नाही. त्याला आता दीड महिना झाला.

बेळगावातल्या आमच्या छोट्या कंपनीत गाडी कुठं आहे हे सांगणारी यंत्रं तयार होतात. शैलाक्का खानापूरकडच्या शेतकरी घरातली, आमच्यातली सगळ्यात जुनी इंजिनिअर. गुंजीच्या पुढं रानात उपग्रहाचे संकेत झाडीत हरवतात, मोबाइलचा टॉवर मधूनच लागतो. अशा वेळी चाक किती फिरलं, गाडी कुठं वळली यावरून जागा काढायची आणि संकेत मिळाला की ती दुरुस्त करायची, हे तिचं काम. संकेत नसला की चूक वाढत जाते. म्हणून पडद्यावरच्या ठिपक्याभोवती ती वर्तुळ काढायची. जितकी शंका, तितकं मोठं. गिऱ्हाइकाला नुसता ठिपका हवा असतो, असं साहेबांनी कितीदा सांगितलं. मीही साहेबांच्याच बाजूचा. मला ती एवढंच म्हणाली, "जे ठाऊक न्हाय, ते ठाऊक हाय म्हणून दाखवायचं न्हाय रं."

एका पावसाळ्यात बाळंतपणात अडलेल्या बाईला घेऊन निघालेली रुग्णवाहिका त्या रानातून पुढं येईना. ड्रायव्हर परशरामचा फोन लागत नव्हता. गाडीतल्या आमच्या यंत्राच्या शेवटच्या संदेशात ठिपका डाव्या रस्त्यावर होता, वर्तुळात मात्र फाट्याचे दोन्ही रस्ते येत होते. मदतीची गाडी डावीकडं पाठवा, असं मी म्हणालो. अक्कानं दोन्हीकडं गाड्या पाठवायला लावल्या. परशराम उजव्या रस्त्यावर, पडलेल्या झाडामागं सापडला. चिखलात चाकं जागच्या जागी फिरली होती, त्यामुळं यंत्राचा हिशेब चुकला होता. बाई वेळेत दवाखान्यात पोचली, मुलगी झाली. माझं चुकलं, हे मी तिला कधी म्हटलं नाही... ते राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात परशरामचा फोन आला. "पुढची टायरं नवी घातल्यात. माप घ्यायला कोण येणार?"

झिजलेल्या टायरपेक्षा नव्याचा घेर मोठा, त्यामुळं यंत्राला नवं माप द्यावं लागतं. ते अक्का स्वतः जाऊन घ्यायची. तिच्या खणातून टेप आणि खडू घेऊन मी गेलो. टायरवर खूण केली, परशरामला गाडी सावकाश पुढं घ्यायला सांगितली. चाकाचा एक फेरा झाला. गुडघ्यावर बसून मी माप घेतलं. उठणार, तोच परशराम म्हणाला, "अक्का दोनदा घेत होत्या."

मी पुन्हा खाली बसलो.